कोपऱ्यावरचा गाळा

१

आमचे जावईबापू घरात आले की बायकोची चौकशी करत नाहीत. पाच दिवसांची लेक दुपट्यात झोपलेली, तिच्याकडे बघत नाहीत. वहाणा काढता काढताच विचारतात, "आई, इमारतीचं काय?" मी पाट मांडायचा, पाणी द्यायचं, आणि त्यांनी तांब्या हातात धरून सांगायचं की दुसऱ्या मजल्यावर दातांचा डॉक्टर येणार, पक्कं झालं. मागच्या खेपेला तिथेच टायपिंगचा क्लास पक्का झाला होता.

दोष एकट्या दिनानाथचा नाही, गावच तसं झालं होतं. अलिबागच्या बाजारपेठेत आमची नारळाची वखार होती. तिचं छप्पर तीन वर्षांमागच्या तुफानात गेलं आणि जागा मोकळी पडली. मुंबईचे वालजीशेठ आले, त्यांनी ती पावलांनी मोजली आणि म्हणाले, इथे चार मजले उठवतो, सगळ्या कचेऱ्या. आमच्या पेठेत तोवर एका माडीवर दुसरी माडी कुणी बघितली नव्हती. त्या दिवसापासून विहिरीवर जा, देवळात जा, मासळी घ्यायला जा, दुसरी गोष्ट नाही. वर जायला पाळणा बसणार आणि वकील त्यात बसून आपल्या कचेरीत जाणार. तिसऱ्या मजल्यावर बोलपटवाले. चौथ्यावर एक मडम. मडम कशाची ते कुणाला ठाऊक नाही, पण ती चौथ्यावरच. एक वीट बसली नव्हती आणि भाडेकरू आपसांत भांडायला लागले होते. ऐकून ऐकून मी थकले होते.

माझी अट एकच होती. रस्त्याकडच्या कोपऱ्यावरचा गाळा अलीमियाँचा.

अलीमियाँ त्या कोपऱ्यावर तीस वर्षं दोर, कप्प्या, नांगर आणि शिडाचं कापड विकतात. आमच्या मालकांना शेवटचं घरी आणलं ते त्यांच्याच मचव्यानं. वारा पडला होता, तर आगरदांड्याहून स्वतः वल्ही मारत आणलं. त्या दिवशी मी शब्द दिला होता की माझी जागा आहे तोवर तो कोपरा तुमचा. माझ्या हातून आयुष्यात फार काही झालं नाही, पण दिलेला शब्द मी मोडलेला नाही.

मी दुसरी शिकले. मोडकंतोडकं लिहिते, छापील अक्षर बोट ठेवून वाचते. पण वकिलाच्या स्टॅम्पावरची भाषा मला कळत नाही आणि कळल्याचं सोंगही मी करत नाही. म्हणून मी शेठच्या इंजिनेराला सांगितलं, "मला नकाशावर दाखवा. चित्र मला समजतं." त्यानं आमच्या ओटीवर मोठा नकाशा पसरला. कागद कसला, निळसर, चकचकीत, पापडासारखा कडक. मी म्हटलं, "ह्या कोपऱ्यात अलीमियाँच्या पाटीवर आहे तसा नांगर काढा." तो हसला, पण काढला. शेठनी नांगराशेजारी सही केली. नकाशा पत्र्याच्या नळकांड्यात घालताना इंजिनेर म्हणाला, "बाई, याला पाण्याचा थेंब लागू देऊ नका हं." तेव्हा ओटीवर आम्ही चौघं होतो, मी, अलीमियाँ, गुणाजी गवंडी आणि शेजारची नीराबाई. जावईबापू तेवढे पेढे खायला संध्याकाळी आले.

नळकांडं मी माजघरातल्या फळीवर ठेवलं. नातीची पाचवी झाली त्या दिवशी सकाळी फळी पुसताना ते जड होतं; लोक गेल्यावर सहज हात लावला तर हलकं लागलं. टोपण घट्ट बसलेलं होतं. उघडलं. आत काही नव्हतं.

२

कमळला, म्हणजे माझ्या लेकीला, मी आधी सांगितलंच नाही. ओल्या बाळंतिणीच्या जिवाला घोर नको. अलीमियाँना मात्र त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं.

ते ओट्याच्या कडेला बसले. दाढीवरून हात फिरवत ऐकत राहिले.

"बाय, तू जबान दिलीस, माझ्यासाठी तीच सही," म्हणाले. "पण शेठच्या स्टॅम्पात काय लिवतील ते अल्लाला ठावं. बाजारात म्हनतात, कोपऱ्यावर विम्याची कंपनी येनार."

"बाजारात तर मडम पण येणार आहे."

"मडम कुनी बघितली न्हाय. विम्याचा साहेब मी बघितला. माझ्या दुकानासमोर उभा राहून आतल्या भिंती मोजत होता. नजरेनं."

 बारशाच्या दिवशी, म्हणजे त्या दिवसापासून सातव्या दिवशी, शेठ करारावर सही करायला येणार होते. करार वकिलाकडे लिहून होत होता. त्याच्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येणार नाही, आणि ताडून बघायला नांगर नाही. माझ्याच हातानं सही करून मी अलीमियाँना रस्त्यावर बसवणार.

"शेठला आठवत असेल की," मी म्हणाले.

"त्यो दहा इमारती बांधतो, बाय. कोनत्या कोपऱ्यात कोन, त्याला काय?"

जाता जाता ते म्हणाले, "पाचवीला तुझ्या घरात कोन कोन आलं, त्येवढं आठव."

बायका ढीगभर आल्या होत्या, पण त्या बाळंतिणीच्या खोलीत. माजघरात एकटं जायला मिळालं अशी माणसं तीनच. गुणाजी न्हाणीची चूल नीट करायला आला होता. नीराबाई परात न्यायला आत गेली होती. आणि जावईबापू, ते घरचेच.

३

गुणाजीला मी दुसऱ्या दिवशी चुलीची राख काढायला म्हणून बोलावलं. त्याला राग होता हे सगळ्या पेठेला माहीत होतं, कारण शेठ मुंबईचे गवंडी आणणार होते.

"चार मजले!" तो थुंकला. "हितं चार हात खनलं की खारं पानी लागतंय. मुंबईवाले बांधतील आन् आम्ही टेकू लावू."

"मग नकाशा नाहीसा झाला तर तुला बरंच."

त्यानं थापी खाली ठेवली. "माय, म्हंजे मी चोर व्हय?"

"विचारते आहे."

त्यानं चुलीतला कोळसा उचलला आणि न्हाणीच्या फरशीवर रेघा ओढायला लागला. जिना, गॅलरी, मागचे चार गाळे, पुढचे तीन. शेवटी कोपऱ्यात नांगर काढला, त्याच्या दोन्ही टोकांना बाण सुद्धा. "येकदा बघितला, तो हितं बसला," कपाळावर बोट आपटत म्हणाला. "गवंड्याला कागद चोरायला लागत न्हाय. आन् खरं सांगू? ह्यो नांगर कुनी पुसला तर मी कोर्टात येऊन काढीन. पन कोळशाचं कोन ऐकतो?"

फरशी मी धुतली नाही. दोन दिवस सगळ्यांना नांगर ओलांडून आंघोळीला जावं लागलं.

नीराबाईशी बोलणं अवघड. तिचं परसू आमच्या वखारीच्या मागे. चार मजले उठले की दुपारनंतर तिच्या तुळशीवर ऊन नाही. ही तक्रार ती शेठला, इंजिनेराला आणि देवळातल्या गुरवाला सांगून चुकली होती.

"मीच घेतला म्हण," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "म्हण ना!"

"घेतलास का?"

"घेतला असता तर तुझ्या डोळ्यांदेखत चुलीत घातला असता. आणि वर तुला विचारलं असतं, सोने, वास कसला येतोय गं?"

हे खरं होतं. चाळीस वर्षांत नीराबाईनं माझं बरंच वाईट केलं, पण एकही वाईट काम तिनं मला न सांगता केलेलं नाही.

"त्यापेक्षा तुझ्या जावयाला सांभाळ," ती मागून ओरडली. "डोकं ठिकाणावर नाही त्याचं. पाचवीच्या दिवशी बारा वाजता गेला, भर उन्हात छत्री मिटून काखेत. टकलावर ऊन घेत चालला होता. म्हटलं, अहो, उघडा की! तर ऐकू आलं नाहीसं केलं."

"इमारतीच्या नादात असतील," मी म्हणाले. जावयाची बाजू घ्यायची सवय असते आपल्याला.

जावईबापू वकिलाच्या कचेरीत कारकून. करार लिहिणारा हात त्यांचाच. त्यांना मी तिसऱ्या दिवशी विचारलं. ते पाटावर बसून पोहे खात होते.

"आई, एवढ्या फडक्यासाठी घर डोक्यावर घ्यायचं काय कारण? स्टॅम्प आहे ना! सरकारी शिक्क्यापुढे त्याला कोण विचारतो?"

"स्टॅम्पावर कोपऱ्यात कोण आहे?"

"जे ठरलंय तेच."

"आणि विम्याची कंपनी?"

"ती वरच्या मजल्यावर... ठरायची आहे." मग उठले, आणि आचवायला बसले ते बराच वेळ.

मी पोह्यांची ताटली उचलली. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते हाताला येईना. म्हातारपणी असंच होतं. वस्तू समोर असते आणि तिचं नाव आठवत नाही.

४

दहाव्या दिवशी नागावहून विहीणबाईंचं गाठोडं आलं. जावईबापूंनीच आणलं, गाठ सुद्धा न सोडता कमळच्या पुढ्यात ठेवलं आणि कचेरीची वेळ झाली म्हणून गेले. आत डिंकाचे लाडू, खारका, एक कुंची आणि दोन झबली.

आमच्याकडे बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. घरात जो माणूस जास्त जगला त्याचं जुनं धोतर, जुनं लुगडं, असं धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड घेतात. तेवढं आयुष्य पोराला मिळावं म्हणून. एक झबलं तसंच होतं. कमळच्या आजेसासऱ्यांचं धोतर, नव्वद वर्षांचे होऊन गेले ते. कापड कुठे विरलेलं, एका जागी रफू केलेलं. दुसरं मी हातात घेतलं आणि हातातच राहिलं.

ते मऊ होतं, लोण्यासारखं. पण विरलेलं कुठेच नव्हतं. माणसाच्या अंगावर झिजलेलं कापड गुडघ्याला विरतं, बसायच्या जागी विरतं, काठाशी सुटतं. हे सगळीकडे सारखं. वीण इतकी दाट की आमच्या बाजारात असलं कापड मी हाताळलेलं नव्हतं.

"हे कुणाचं गं?"

"त्यांच्याकडचं कुणाचं तरी जुनं असेल," कमळ म्हणाली. "छान आहे ना?"

"ह्याच्यात कुणी म्हातारं झालेलं नाही," मी म्हणाले.

ते पदराखाली घेतलं आणि तशीच उठून अलीमियाँच्या दुकानात गेले. कापडातलं त्यांना जेवढं कळतं तेवढं पेठेत कुणाला कळत नाही. सारं आयुष्य शिडांना हात लावण्यात गेलेलं. त्यांनी ते अंगठ्यानं चोळलं, उजेडासमोर धरलं, नाकाशी नेलं.

"धोतराचं न्हाय. शिडाचं तर न्हायच," म्हणाले. "बाय, ह्याला खळ दिलेली होती. अशी तशी न्हाय, कागदासारखी कडक होईल अशी. वर घोटून चमक आनलेली. ती पान्यात सुटून गेली. आता हे उरलं."

मी दुकानातल्या दोराच्या वेटोळ्यावर बसले.  निळसर, चकचकीत, पापडासारखा कडक. पाण्याचा थेंब लागू देऊ नका.

"चाकू द्या," मी म्हणाले.

झबल्याची खालची दुमड एका बाजूला जरा जास्तच जाड होती. मी टाके उसवले. दुमड उलगडली. आत, पसरट झालेला, कडा फुटलेल्या, पण कुणालाही ओळखता यावा असा, काळा नांगर होता.

अलीमियाँ बघत राहिले. वर पाटीवर त्यांचा स्वतःचा नांगर होता, तो त्यांनी एकदा बघितला, आणि डोळे मिटून घेतले.

५

दुसऱ्या दिवशी टांगा करून नागावला गेले. विहीणबाई नारळ सोलत बसल्या होत्या. मी झबल्याची तारीफ केली. भोळी बाई ती, सुखावली.

"अहो, धुण्याच्या बादलीत सापडलं," म्हणाल्या. "दिनूच्या सदऱ्याच्या खाली, तळाला, चिखलासारखं काळं झालेलं. कचेरीतलं पुसायचं फडकं असेल म्हटलं. पण पोत बघा ना! सोडा घालून उकळलं, तर सगळं काळं निघून गेलं. तेवढा एक डाग हटेना. मग तो दुमडीत घेतला. टाकवेना हो."

"त्यांना विचारलंत?"

"पुरुषांना कशाला विचारायचं फडक्याचं?"

फडकं. परतताना टांग्यात बसून मला तो शब्द पुन्हा ऐकू आला. आमच्या घरात त्याला सगळे कागद म्हणत होते. मी, गुणाजी, बाजारातली झाडून सगळी माणसं. ते कापड आहे हे धुतल्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं. आणि पोहे खाता खाता जावईबापू म्हणाले होते, एवढ्या फडक्यासाठी.

मग सगळंच सरळ लागत गेलं. उन्हात मिटलेली छत्री. तिच्या पोटात नकाशा. गुणाजीला, नीराबाईला, अलीमियाँना पाण्याचं माहीत होतं; ओलं बोट त्याला लावील असा एकच माणूस, जो पेढ्यांच्या वेळी आला. नकाशा नाहीसा करायचा त्याचा विचारच नव्हता. कोपऱ्यातला नांगर पुसायचा आणि मागच्या अंधाऱ्या गाळ्यात तसाच काढायचा, एवढंच. म्हातारीला स्टॅम्प वाचता येत नाही, नांगर दिसला की सही करील. पण ओलं बोट लागलं, खळ विरघळली, आणि हातात कागदाऐवजी लगदा आला; तो त्यानं धुण्याच्या बादलीत तळाला दडवला. बाकीच्या रेघा खळीवरच होत्या, त्या धुऊन गेल्या. पण जिथं घासलं तिथली शाई त्यानं स्वतःच धाग्यांत मुरवली. जे पुसायला गेला तेवढंच राहिलं. आणि ते माझ्या घरी पोचवलंही त्यानंच.

मला राग यायला हवा होता. मला नुसतं टांग्यातून उतरू नये असं वाटत होतं. घरी गेलं की कमळ असणार.

६

बाराव्या दिवशी सकाळी शेठ आणि इंजिनेर रेवसला उतरून मोटारीनं आले. ओटीवर सतरंजी घातली. अलीमियाँना मी बोलावलं होतं, ते खाली बसले. जावईबापू पाटावर, हातात स्टॅम्प.

"कोपऱ्यावरचा गाळा कुणाचा, तेवढं वाचा," मी म्हणाले.

त्यांनी भरभर वाचलं. विम्याच्या कंपनीचं नाव आलं, पुढं बरंच काही आलं. अलीमियाँ मागच्या गाळ्यात होते.

"मी कधी कबूल केलं हे?"

शेठ चकित झाले. "बाई, तुमचंच पत्र आलं वकिलाकडून. तुम्ही राजी आहात, असं."

"मला वकिली पत्र लिहिता येत नाही, शेठ. येतं ते जावईबापूंना." आणि मी झबलं इंजिनेराच्या मांडीवर ठेवलं.

त्यानं ते बोटांत घेतलं. दुमड उलगडली. "हे... हे माझं नकाशाचं कापड!" मग नांगर बघून त्यानं ते शेठपुढे धरलं.

जावईबापूंचा चेहरा असा झाला की मला बघवेना. दारात कमळ उभी होती, लेकीला घेऊन. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"कंपनी मला इथल्या शाखेचा मुख्य करणार होती," ते पुटपुटले. "कोपरा मिळाला तर. आई, मी कमळसाठीच..."

"माझं नाव घेऊ नका," कमळ म्हणाली.

शेठनी स्टॅम्प आडवा फाडला. नवा लिहून होईल, म्हणाले, आणि ह्या वेळी त्याच्या कोपऱ्यात नांगर असेल. अलीमियाँ उठले आणि नातीच्या मुठीत सुंभाची एक बारीक गाठ ठेवून गेले. मचव्यावरची माणसं पोरांना देतात तशी.

मग मी दिनानाथकडे वळले. मोठ्यानं बोलले, म्हणजे पलीकडे नीराबाईला सांगायला पुन्हा जायला नको.

"जावईबापू, तुम्ही अलीमियाँचा कोपरा घेत होतात, आणि तो माझ्या सहीनं घेत होतात. मला स्टॅम्प वाचता येत नाही, हे तुम्ही माझ्याविरुद्ध वापरलंत. पोलिसात देत नाही, लेक माझी आहे. पण हा पाट आजपासून भिंतीला टेकलेला राहील. या, पोरीला भेटा, जमिनीवर बसा. हे झबलं मी ट्रंकेत ठेवते. ती वाचायला लागली की तिच्यासमोर हा नांगर ठेवायचा आणि तो इथं कसा उमटला ते सांगायचं. मी नाही, कमळ नाही. तुम्ही. ज्या दिवशी सांगाल त्या दिवशी पाट मी माझ्या हातानं मांडीन. तेव्हा पोरीला लवकर वाचायला शिकवा. मी फार थकले आहे."